मोहोरावर चालले, सुपारीवर का चालले नाही? श्रीवर्धन किनाऱ्यावरील कोळे रोगाचे एक प्रकरण

श्रीवर्धन आणि दिवेआगर यांच्या दरम्यानच्या किनारपट्टीतील एका गावात, नारळ-सुपारीच्या एका वाडीत आषाढात जी सुपारीची गळ झाली, तिचा हा अभ्यास आहे. गळ ही त्या भागाला नवी नाही. पावसाळ्यात कोवळी सुपारी कुजून गळते आणि तिला कोळे रोग म्हणतात, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नोंद घेण्याजोगी गोष्ट वेगळी होती. बागायतदाराने त्या पावसाळ्यात दोनदा, लेबलावर दिलेल्या मात्रेत, पावत्या असलेले बुरशीनाशक फवारले होते आणि तरीही गळ थांबली नव्हती. त्यातले पहिले औषध, म्हणजे हेक्झाकोनॅझोल, त्याच बागायतदाराने त्याच वर्षी माघात डोंगराकडच्या आपल्या हापूस कलमांच्या मोहोरावर भुरीसाठी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीसाठी, मारले होते आणि तिथे त्याचा चांगला गुण आला होता. माणूस तोच, पंप तोच, बाटलीही तीच असताना आंब्यावर भुरी आटोक्यात यावी आणि सुपारीवर काहीच फरक पडू नये, हे का घडले, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

बागायतदाराचा पुतण्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकतो. त्याच्यामार्फत हा प्रश्न प्रयोगशाळेत आला आणि पुढचे बरेचसे काम त्यानेच केले.

वाडी आणि त्या हंगामाचा क्रम

वाडी समुद्रापासून फार लांब नाही. जमीन रेताड, तळाशी पाणी लवकर लागणारी. जुन्या पोफळींपैकी पुष्कळ पोफळी ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात मोडल्या. या वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या वाड्यांची जी दैना केली, ती तिथे अजूनही झाडांच्या वयावरून वाचता येते, कारण प्रत्येक वाडीत उंच, जुन्या पोफळी आणि वादळानंतर लावलेली, नुकती धरू लागलेली श्रीवर्धनी जातीची झाडे अशा दोन पिढ्या सरळ वेगळ्या दिसतात आणि मधली पिढी जवळजवळ नसते. या वाडीतही तसेच आहे. मधल्या मोकळ्या जागेत केळी आणि जायफळ आहे, जुन्या पोफळींवर मिरीचे वेल चढवलेले आहेत. वादळात पडलेले झाप आणि ओंडके उचलले गेले, पण त्या वेळी बुजलेले पाण्याचे चर सगळे पुन्हा उघडले गेले नाहीत. हा तपशील पुढे कामाला येतो.

एरवी या घरात पावसाच्या आधी, ज्येष्ठात, शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घडांवर, एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांचे पाणी) फवारण्याची रीत होती. त्या वर्षी पोफळीवर चढणारा गडी वेळेवर मिळाला नाही, मोरचूद भिजवणे, चुना विरवणे, दोन्ही गाळणे ही खटपटही मोठी, आणि दुकानात असे समजले की नवी आंतरप्रवाही औषधे पानाफळात शिरतात, त्यामुळे पावसाने धुपत नाहीत. म्हणून ज्येष्ठातली फवारणी झालीच नाही. पाऊस लागल्यावर पहिल्या उघडिपीत हेक्झाकोनॅझोल फवारले गेले. तोवर काही फळे गळू लागली होती. साधारण पंधरवड्याने कार्बेन्डाझिम फवारले गेले. गळ चालू राहिली, किंबहुना जुन्या पोफळींखाली ती वाढली.

लक्षणे नमुनेदार होती. फळाच्या देठाकडच्या बाजूला, टोपीलगत, पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग पडतो. तो पसरत जातो, फळाची तकाकी जाते, आणि फळ टोपी सोडून खाली येते. गळलेले फळ ओल्या जमिनीवर एकदोन दिवस राहिले की त्यावर पांढरे, कापसासारखे आवरण चढते. उशिरा लागण झालेली काही फळे गळत नाहीत, शिंपुटावरच कुजून सुकतात.

पुढे आलेली कारणे

घरात आणि शेजारात चार कारणे बोलली जात होती. पहिले म्हणजे औषध पावसाने धुऊन नेले. दुसरे म्हणजे औषध बनावट निघाले. तिसरे म्हणजे ही गळ रोगाची नाहीच, ढेकणाची आहे. सुपारीच्या कोवळ्या फळांतून रस शोषणारा एक ढेकूण खरोखरच असतो आणि त्याच्यामुळेही फळे गळतात. चौथे कारण बागायतदाराचे वृद्ध काका सांगत होते : "चर बुजलेत, वाडीत पाणी साचतंय, मग सुपारी राहील कशी?"

ढेकणाचे कारण सहज बाजूला सारता आले, कारण त्याने गळलेल्या फळावर सोंड खुपसल्याची बारीक काळी खूण असते, पण टोपीकडून पसरणारी ओली कूज आणि पांढरी वाढ नसते. उरलेली तीन कारणे मात्र नुसत्या तर्काने निकालात निघण्यासारखी नव्हती. त्यांच्या जोडीला आम्ही पाचवे कारण धरले : औषध अस्सल आहे, ते फळापर्यंत पोचलेही आहे, पण ज्या जीवावर ते मारले गेले, त्या जीवात ते जिथे काम करते ती जागाच नाही. हे कारण तपासायचे तर आधी तो जीव कोण आहे, हे पाहणे भाग होते.

नमुना कुठला घ्यावा

पहिल्यांदा आलेली पिशवी वाडीच्या कोपऱ्यात लोटून ठेवलेल्या ढिगातली होती. त्या फळांवर हिरवी आणि काळी भुकटी दिसत होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांची नेहमीची रूपे आढळली. या बुरश्या खऱ्याच होत्या, पण त्या रोगाच्या कारक नव्हत्या. मेलेल्या, कुजत्या पदार्थावर जगणाऱ्या अशा कवकांना मृतोपजीवी म्हणतात. जिवंत फळ मारण्याची ताकद त्यांच्यात सहसा नसते, मात्र दुसऱ्याने मारलेल्या फळावर ती दोन दिवसांत ताबा मिळवतात आणि मूळ मारेकऱ्याचा माग पुसून टाकतात. रोगनिदानासाठी येणाऱ्या नमुन्यांत हा घोळ इतक्या वेळा होतो की, ढिगातला नमुना परत पाठवावा आणि झाडावरचा मागवावा, असा आमचा नियमच आहे. ती पिशवी फेकली मात्र नाही. त्यातली हिरवी बुरशी, म्हणजे ॲस्परजिलस, वेगळी करून वाढवून ठेवली, कारण औषधाची परीक्षा घेताना ती हवी होती.

दुसऱ्यांदा शिंपुटावरचीच, नुकता डाग पडलेली फळे आणली. ती पृष्ठभागावरून निर्जंतुक करून, डागाच्या कडेचे, म्हणजे जिथे निरोगी आणि रोगट भाग एकमेकांना भिडतात तिथले, छोटे तुकडे उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवले. मधला पूर्ण कुजलेला भाग मुद्दाम घेतला नाही, कारण कारक जीव कडेला वाढत असतो आणि मध्यभागी त्याच्या मागून आलेले मृतोपजीवी असतात. दुसऱ्या दिवशी तुकड्यांभोवती पांढरे तंतू दिसू लागले.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले

कवकाचे शरीर ज्या बारीक, नळीसारख्या धाग्यांचे बनलेले असते, त्यांना कवकतंतू म्हणतात आणि त्यांच्या गुंत्याला कवकजाल. तंतू टोकाला वाढतो, बाहेर विकरे (एन्झाइम) सोडून अन्न तिथेच पचवतो आणि विरघळलेले अन्न आत शोषतो. वनस्पतीप्रमाणे अन्न तयार करणे किंवा प्राण्याप्रमाणे गिळणे यांपैकी काहीच तो करत नाही. पाण्यात दिसलेले तंतू पहिल्या नजरेला अगदी असेच होते, आणि रोगाचे वर्णन करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या त्याला बुरशी समजत आल्या, त्यात नवल काही नाही.

मात्र तीन बाबी जुळत नव्हत्या. शेजारी ठेवलेल्या ॲस्परजिलसच्या तंतूंत ठरावीक अंतरावर आडवी पटले होती. सुपारीतल्या कोवळ्या तंतूंत पटले दिसत नव्हती, आतला जीवरस सलग वाहताना दिसत होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण शिळ्या भाकरीवर येणाऱ्या म्यूकर आणि रायझोपस या खऱ्या कवकांचे तंतूही बहुतांशी विनापटल असतात. दुसरी बाब बीजाणुधानींची, म्हणजे बीजाणू ज्यांत बनतात त्या पिशव्यांची. तंतूंच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या, टोकावर बारीक उंचवटा असलेल्या बीजाणुधानी होत्या आणि त्या सहज गळून पडत होत्या. तिसरी बाब सर्वांत बोलकी ठरली. या बीजाणुधानी असलेले पाणी काही वेळ फ्रिजमध्ये गार करून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले, तेव्हा त्या टोकाच्या उंचवट्यातून फुटल्या आणि प्रत्येकीतून अनेक चलबीजाणू बाहेर पडून पाण्यात पोहू लागले. थोड्या वेळाने ते थांबले, गोल झाले, त्यांच्याभोवती भित्तिका आली आणि त्यांतून अंकुरनलिका निघाली. पोहण्यासाठी चलबीजाणूला दोन कशाभिका, म्हणजे हलणारे शेपटीसारखे धागे, असतात, एक पुढे, पिसासारखी केसाळ, आणि एक मागे, गुळगुळीत. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या दिसल्या नाहीत, पोहणे तेवढे दिसले. खऱ्या कवकांतही कायट्रिड या एका प्राचीन गटात पोहणारे बीजाणू असतात, पण त्यांना सामान्यतः मागे एकच कशाभिका असते आणि असे पसरलेले कवकजाल व अशा बीजाणुधानी त्यांच्यात नसतात.

याखेरीज झिंक क्लोराइड आणि आयोडीन यांच्या द्रावाने तंतूंच्या भित्तिकेला जांभळट छटा आली. छटा फिकट होती, पण ॲस्परजिलसला ती मुळीच आली नाही. ही छटा सेल्युलोजची खूण आहे. खऱ्या कवकांची पेशीभित्तिका मुख्यतः कायटिन आणि ग्लुकान यांची असते. खेकड्याच्या कवचात आणि किड्यांच्या बाह्यांगात असते तेच हे कायटिन. सुपारीतल्या जीवाच्या भित्तिकेत मात्र ग्लुकानबरोबर सेल्युलोज होते.

या सगळ्या खुणा एकत्र धरल्या की निदान फायटोप्थोरावर येते. भारतातल्या कोळे रोगाचा कारक म्हणून हल्ली फायटोप्थोरा मीडी या जातीचे नाव घेतले जाते, जुन्या लिखाणात फायटोप्थोरा अरेकी असे नाव आढळते. जातीपर्यंत जाण्याची साधने आमच्याजवळ नव्हती आणि या प्रश्नासाठी त्याची गरजही नव्हती, प्रजाती, म्हणजे जातींचा वरचा गट, कळणे पुरेसे होते.

बुरशीसारखा, पण कवकसृष्टीबाहेरचा

फायटोप्थोरा ही प्रजाती जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये प्रस्थापित केली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याला कारण झालेला बटाट्यावरचा करपा याच प्रजातीतल्या एका जातीचा. त्या काळी आणि पुढेही बराच काळ या जीवांची गणना कवकांतच होत असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी पाच सृष्टींची मांडणी करून कवकांना वनस्पतींपासून वेगळे केले, आणि नंतर जनुकीय क्रमांच्या तुलनेतून दिसून आले की फायटोप्थोरा ज्या गटात मोडतो तो ऊमायसीट गट कवकांचा आप्तच नाही. खरी कवके वंशवृक्षात प्राण्यांच्या जवळ बसतात. ऊमायसीट बसतात डायाटम ही एकपेशीय शैवाले आणि तपकिरी शैवाले यांच्या जवळ. म्हणजे या वाडीतल्या पोफळीवरची कूज ही, वाडीच्या ओंडक्यावर उगवणाऱ्या अळंबीपेक्षा, कोकणच्या खडकांवर ओहोटीला उघडे पडणाऱ्या सारगॅसम या तपकिरी शैवालाची जवळची नातलग आहे. विद्यार्थ्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो आणि तो लागावाच, कारण डोळ्यांना दिसणारा पुरावा सगळा उलट दिशेचा आहे : धागे तसेच, शोषून खाणे तसेच, बीजाणू तसेच. एकच राहणी दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आली आहे.

फरक मात्र वरवरचे नाहीत. बहुतेक खऱ्या कवकांचे तंतू आयुष्याचा मोठा भाग एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले, असतात किंवा, अळंब्यांप्रमाणे, दोन वेगळी एकगुणित केंद्रके एकाच कोशात बाळगून असतात. ऊमायसीटांचे तंतू प्रामुख्याने द्विगुणित, म्हणजे दोन संचांचे, असतात. लैंगिक जननातून ऊमायसीटांत जाड भित्तिकेचा अंडबीजाणू बनतो आणि तो प्रतिकूल काळ काढू शकतो.

या प्रकरणात निर्णायक ठरलेला फरक पेशीपटलाचा आहे. प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, त्याच्या जागी बहुतेक खऱ्या कवकांत अर्गोस्टेरॉल असते आणि कवक ते स्वतः बनवते. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही ॲझोल गटातली औषधे अर्गोस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतले एक विकर अडवतात. साखळी तुटली की पटल बिघडते आणि वाढ थांबते. नायट्याच्या मलमातही बहुधा याच गटाचे औषध असते. फायटोप्थोरा मात्र स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉल-अर्गोस्टेरॉलच्या वर्गातले पदार्थ, स्वतः बनवतच नाही. त्याला लागते ते तो यजमान वनस्पतीकडून उचलतो आणि नुसत्या तंतुवाढीसाठी त्याला त्याचीही फारशी निकड नसते. जे विकर अडवायचे, तेच त्या जीवात नाही. नसलेल्या दाराला कुलूप लावण्यासारखाच हा प्रकार झाला.

दुसऱ्या औषधाचे कारण वेगळे, परिणाम तोच. कार्बेन्डाझिम पेशीविभाजनाच्या वेळी लागणाऱ्या ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटते आणि विभाजन रोखते. ऊमायसीटांच्या ट्युब्युलिनवर त्याचा व्यवहारात उपयोगी पडेल असा परिणाम होत नाही. प्रयोगशाळांत फायटोप्थोरा वेगळा काढण्यासाठी जी निवडक माध्यमे वापरतात, त्यांत नॅटामायसिन हे अर्गोस्टेरॉलला चिकटणारे प्रतिजैविक मुद्दाम मिसळतात, म्हणजे खऱ्या बुरश्या दबून राहतात आणि फायटोप्थोरा मोकळा वाढतो. बागायतदाराने नकळत आपल्या वाडीत याच तत्त्वाची फवारणी केली होती. फायटोप्थोराला काहीच झाले नाही. फळाच्या सालीवरच्या निरुपद्रवी किंवा स्पर्धक कवकांना झळ पोचली असेल, तर त्याचा लाभही फायटोप्थोरालाच झाला असणार, अशी शंका घेण्यास जागा आहे. आम्ही ती तपासलेली नाही.

आंब्यावर गुण का आला

हापूसच्या मोहोरावरची भुरी हे खऱ्या कवकाचे काम आहे. जुने नाव ओइडियम. हे कवक जिवंत पेशीवरच जगते. त्याचे जाल सालीच्या वर पसरलेले असते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींत ते शोषकांगे खुपसते, त्यामुळे औषध त्याच्यावर सरळ पडते. ते आपले स्टेरॉल स्वतः बनवते आणि ॲझोल अडवते ते विकर त्याच्यात आहे, म्हणून ॲझोल लागू पडते. कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या फवारणी वेळापत्रकात हेक्झाकोनॅझोल आहे, ते याच कारणाने.

दोघांच्या हवामानाच्या गरजाही जवळजवळ उलट आहेत. भुरीचे बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि रुजण्यासाठी त्यांना पाण्याचा थेंब लागत नाही, दमट हवा पुरते. सततच्या पावसाने तर भुरी मागे हटते. म्हणून ती मोहोराच्या कोरड्या, थंड रात्रींच्या दिवसांत येते. फायटोप्थोराला पोहण्यासाठी पाण्याचा पापुद्रा हवाच. संततधार, मधूनच ऊन, पुन्हा सर, आणि दिवसभर न वाळणारी शिंपुटे, हे त्याचे दिवस. पावसाचे शिंतोडे बीजाणुधानी एका शिंपुटावरून दुसऱ्यावर आणि उंच झाडावरून खालच्या झाडावर नेतात.

बनावटीचा आणि धुपण्याचा संशय

औषध बनावट होते का, हे पाहण्यासाठी त्याच उरलेल्या बाटलीतले हेक्झाकोनॅझोल बटाट्याच्या आगर माध्यमात मिसळले आणि त्यावर एका बाजूला ढिगातल्या सुपारीवरून घेतलेला ॲस्परजिलस, दुसऱ्या बाजूला फायटोप्थोरा ठेवला. ॲस्परजिलसची वाढ खुंटली, फायटोप्थोरा पसरत गेला. औषधविरहित माध्यमावर दोघेही वाढले. म्हणजे बाटली अस्सल होती. विक्रेत्यावर घेतलेला संशय इथे दूर झाला, त्याने दिलेला सल्ला मात्र चुकीचा ठरला.

पावसाने धुपण्याचे कारण तपासायला पाऊसच वगळणे सोपे होते. शेजारच्या, अजून फवारणी न झालेल्या वाडीतली निरोगी कोवळी फळे आणून धुतली आणि त्यांचे गट केले : काहीही न लावलेला, हेक्झाकोनॅझोलचा, कार्बेन्डाझिमचा आणि एक टक्का बोर्डोचा. द्रव वाळल्यावर प्रत्येक फळाच्या टोपीलगत चलबीजाणूंच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि फळे ओल्या कापसासह झाकणाच्या डब्यांत ठेवली. पहिल्या तिन्ही गटांतली फळे कुजली आणि त्यांच्यात ओळखता येण्याजोगा फरक नव्हता. बोर्डोच्या गटातली बहुतेक फळे हिरवी राहिली. छपराखाली, पावसाचा एक थेंबही न पडता, औषधे निष्फळ ठरली होती. याशिवाय एका डब्यात आधी लागण करून, डाग दिसू लागल्यावर बोर्डो लावले. ती फळेही कुजली.

हा शेवटचा डबा बागायतदाराला सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि ते योग्यच होते. बोर्डो फळात शिरत नाही. सालीवर बसलेल्या थरातून तांब्याचे आयन हळूहळू सुटतात आणि तिथे येणाऱ्या बीजाणूला रुजण्याआधीच मारतात. तांबे पेशीतल्या एका विशिष्ट विकरावर अवलंबून नसते, अनेक प्रथिनांना एकदम निकामी करते, त्यामुळे समोरचा जीव कवक आहे की ऊमायसीट, याने फरक पडत नाही. पण तंतू फळात शिरल्यावर वरचा थर निरुपयोगी आहे. पावसाआधीच्या फवारणीला पर्याय नाही, तो याच कारणाने.

बोर्डो मिश्रणाचा उगमही ऊमायसीटाशीच निगडित आहे. फ्रान्समध्ये बोर्डो परिसरात पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे यांनी १८८२ मध्ये पाहिले की, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी मारले होते आणि त्याच वेलींवर केवडा रोग आला नव्हता. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले. द्राक्षावरचा तो केवडा म्हणजे प्लास्मोपारा, आणि तोही ऊमायसीटच. भारतात म्हैसूर संस्थानातले कवकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये सुपारीच्या कोळे रोगाचे सविस्तर वर्णन करून त्याचा कारक फायटोप्थोरा असल्याचे नोंदवले आणि बोर्डोच्या फवारणीचा पुरस्कार केला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा उपाय या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत होता, आणि तो सोडला गेला तो मजूर न मिळाल्यामुळे. रोगाविषयीच्या अज्ञानापेक्षा वाडीतल्या मजुरीचा प्रश्न इथे मोठा आहे, असे आमचे मत झाले.

काकांचे बुजलेल्या चरांचे कारण उरते. ते चूक नव्हते, अपुरे होते. साचलेले पाणी आणि दाट केळी-जायफळीमुळे वाडीतली हवा ओली राहते, खाली पडलेल्या फळांवर बीजाणुधानी बनत राहतात, आणि चलबीजाणूंना हवे ते पाणी मिळते. रोग कोण करतो, याचे उत्तर त्यात नाही. तो इतका का फोफावला, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे. डबे आणि काचपट्ट्या यांतून हे उत्तर आम्हाला मिळाले नसते.

पुढे काय ठरले

त्या हंगामात पुष्कळ फळे आधीच गेली होती. तरीही उघडीप साधून न लागण झालेल्या शिंपुटांवर बोर्डो मारले, विशेषतः नव्या, बुटक्या झाडांवर, जिथे गडी नसतानाही लांब नळीने फवारा पोचतो. गळलेली फळे दररोज वेचून वाडीबाहेर जाळली गेली, ढीग करणे बंद झाले. पुतण्याने ऊमायसीटांवरच चालणाऱ्या मेटॅलॅक्सिलविषयी विचारले. ते या जीवांचे आरएनए बनणे रोखते आणि खऱ्या कवकांवर, म्हणजे आंब्याच्या भुरीवर, निष्फळ ठरते. हेक्झाकोनॅझोलच्या नेमकी उलट ही गत आहे. पण एकाच जागी काम करणाऱ्या अशा औषधाला जीव लवकर दाद देईनासे होतात. बटाट्याच्या करप्याबाबत १९८० च्या सुमारासच तसे घडले. शिवाय लेबलावर सुपारीचे नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय ते वापरू नये. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राच्या सल्ल्यानेच त्याबाबत ठरवावे, असे सुचवले.

पुढच्या ज्येष्ठासाठी क्रम असा ठरला. पाऊस लागण्याआधी एक फवारणी आणि चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत, लोखंडी भांड्यात नाही. मग मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतायचे, उलट क्रमाने नाही. घासून चकचकीत केलेला कोयता मिश्रणात बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस लेप आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी हवा, नाहीतर फळे भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. मजूर न मिळाल्यास निदान हाताला येणाऱ्या शिंपुटांवर पावसाआधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे शिंतोडेच फळापर्यंत पोचत नाहीत. ज्या कलमांवर भुरी येते, तिथे हेक्झाकोनॅझोल पूर्ववत राहील.

दोन गोष्टींचा निकाल या अभ्यासात लागलेला नाही. रेताड जमिनीत वर्षानुवर्षे पडणाऱ्या तांब्याचे काय होते, हे मातीची तपासणी केल्याखेरीज सांगता येणार नाही आणि ती तपासणी आता व्हायला हवी. दुसरी गोष्ट पोफळींवर चढवलेल्या मिरीची. मिरीच्या वेलांची पावसाळ्यातली मरही फायटोप्थोराचीच असते, मात्र तिची जाती वेगळी मानली जाते. या वाडीत त्या वर्षी काही वेल पिवळे पडले होते. त्यांच्या मुळांचे नमुने घेतले नाहीत, ते येत्या पावसाळ्यात घ्यायचे आहेत. दरम्यान, शिंपुटांवर सुकून लटकलेली रोगट फळे पाऊस संपताच, गडी मिळेल त्या दिवशी, उतरवून जाळणे हे पहिले काम आहे, कारण पुढच्या आषाढासाठी फायटोप्थोरा ज्या ठिकाणी टिकून राहतो, त्यांतले एक तेच.